केरबानं घरच्या घरी प्लग बदलले

एका गावात एक भोळा जीपवाला होता. त्याचं नाव केरबा. जीप त्याच्यापेक्षा शहाणी होती, कारण ती कधीकधी सांगितलेलं ऐकत नसे. केरबा सगळं ऐके.

ऐके, आणि विसरत नसे. शाळेत गुरुजी एकदा म्हणाले होते, "उत्तर येत नसेल तर हात वर करू नको." त्यानंतर केरबानं हात कधीच वर केला नाही. एसटी थांबवायलाही नाही. एसटी समोरून निघून जाई आणि हा हात खाली धरून उभा. शेवटी वडलांनी कंटाळून जीप घेतली. मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी, चारी चाकं ओढणारी फोरव्हील. पुढं वडील गेले. जीप राहिली.

घरात दोघंच. केरबा आणि त्याची आई गोदाक्का. बहीण मालन वर उंबरमाचीला दिलेली. उंबरमाची डोंगरावर आहे. तिथला रस्ता असा की बकरीसुद्धा आधी बघते आणि मग पाय टाकते. फोरव्हीलशिवाय काही चढत नाही.

आता दिवाळीला लेक माहेरी आणायची, तर भावानं मुराळी होऊन जायला हवं. तशी रीतच आहे. पण मागच्या दोन्ही दिवाळ्यांना जीप घाटातच बसली होती, आणि मालनची दिवाळी सासरच्या चुलीपुढंच गेली होती. यंदा तिची सासू म्हाळसाबाई हिनं निरोप धाडला. "धनतेरशीला दिवे लागायच्या आत गाडी दारात आली तर सून पाठवीन. न्हाई आली, तर पुन्हा बोलवायला येऊ नका."

गोदाक्कानं तो निरोप ऐकला आणि पदरानं डोळे टिपले. मग डोळे वटारून केरबाकडं बघितलं.

वसुबारसेच्या सकाळी जीप सुरू केली, तर ती धापा टाकायला लागली. फट, फट, फुस. फट, फट, फुस. केरबानं ती तशीच तालुक्याला बाबालाल मिस्त्रीकडं नेली. बाबालाल गॅरेजला कुलूप लावत होता. मेहुणीचं लग्न होतं मिरजेला. खांद्यावर पिशवी होती. त्यानं लांबूनच कान दिला.

"मिसिंग मारतीय. चार सिलिंडरातला एक झोपलाय, एक पेंगतोय. प्लग गेले तुझे."

"मग?"

"मग काय मग! माझी एसटी लागलीय. घरी बदल. पोरखेळ हाय." बाबालालनं पुन्हा कुलूप उघडलं, चार नवे प्लग दिले, प्लगपाना दिला. "एकच ध्यानात ठेव. इंजिन गरम असताना हात लावायचा न्हाई. गार झाल्याशिवाय न्हाई म्हंजे न्हाई. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. आणि कळलंच होतं.

तो घरी आला. जीप अंगणात उभी केली. बॉनेटला हात लावला. गरम. बसून राहिला. पुन्हा हात लावला. गरम. ऊन माथ्यावर आलं. बॉनेट आणखी गरम झालं.

आई बाहेर आली. "बदललेस?"

"गार व्हायची वाट बघतोय."

"आरं मुडद्या, उन्हानं तापलंय ते! सावलीत घे."

केरबाला पटलं. त्यानं जीप सुरू केली आणि चिंचेखाली नेली. तिथं गार वारा होता. फक्त इंजिन आता गरम होतं. तो बसून राहिला. इंजिन गार व्हायला आलं तेव्हा सावली सरकली होती आणि जीपवर ऊन आलं होतं. म्हणून त्यानं जीप सुरू केली, सावलीत नेली आणि गार व्हायची वाट बघत बसला. मग पुन्हा सावली सरकली.

चिंचेच्या पारावर शेजारचे दगडूतात्या बसले होते. गुडघे गेलेले. बसले की उठवत नसे, म्हणून सगळं बघत बसत. त्यांनी दुपारभर जीप चिंचेला प्रदक्षिणा घालताना बघितली.

"केरबा, नवस फेडतोस का रं?"

"न्हाई तात्या. इंजिन गार करतोय."

संध्याकाळी आई आली. इंजिन कढत होतं.

"आरं, दरवेळी सुरू कशापायी करतोस? मागनं हात लावून ढकलत न्यायची!"

"आदी सांगायचं की," केरबा म्हणाला. "बरं. आता ध्यानात राहील."

आणि राहिलं. हीच तर अडचण होती.

तेवढ्यात दिवेलागण झाली. वसुबारस, म्हणजे गाय-वासराची पूजा. आई ताट घेऊन दारात उभी. म्हणाली, "जा, गोठ्यातनं वासरू घेऊन ये."

केरबा गोठ्यात गेला. वासराच्या मागं उभा राहिला. दोन्ही हात लावले आणि ढकललं. वासरू दचकलं. दचकेल नाहीतर काय! मागून कुणी असं अचानक ढकललं तर माणूससुद्धा किंचाळेल. वासरू उधळलं ते तात्यांच्या अंगणात. तिथं त्यांच्या सुनेनं दुपारभर खपून रांगोळी काढली होती. मोर होता. वासरू मोरावरून गेलं, मग उलट फिरून पुन्हा मोरावरून गेलं.

"आरं, जनावराला ढकलतात व्हय?" आई ओरडली. "दोरी धरायची आनि ओढायची! दोरी धरून!"

"बरं. ध्यानात राहील."

दुसऱ्या दिवशी धनतेरस. सकाळी इंजिन गार होतं. रात्रभर कुणी सुरू केलं नव्हतं, म्हणून. आई म्हणाली, "केरबा, आज दिवे लागायच्या आत मालनच्या दारात उभं राहायचंय. यंदा चुकलं तर माझी लेक मला पुन्हा दिसायची न्हाई. लाग कामाला." आणि ती फराळाला लागली.

केरबानं बॉनेट उघडलं. चार प्लग ओळीनं बसलेले. प्रत्येकावर रबरी टोपण, टोपणाला काळी जाड वायर. वायर दोरीसारखी दिसत होती. केरबानं दोरी धरली आणि ओढली.

वायर हातात आली. टोपण तिथंच राहिलं.

केरबानं बाबालालला फोन लावला. बाबालाल मांडवात होता. मागं सनई वाजत होती.

"मिस्त्री, दोरी तुटली."

"कसली दोरी?"

केरबानं सांगितलं. सनई थांबल्यासारखी वाटली.

"आरं, वायर धरून ओढायला ती काय म्हस हाय? टोपणात फिरवून बसव ती परत. आनि ऐक. खालनं ओढायचं न्हाई. वरनं धर. गच्च धर. जरा इकडं-तिकडं फिरव. मग सरळ वर ओढ. कळलं?"

"कळलं."

केरबानं वायर बसवली. तेवढ्यात पारावरून हाक आली. दगडूतात्यांना घरी जायचं होतं.

"केरबा, जरा उठीव रं मला."

केरबा गेला. तात्यांना त्यानं वरून धरलं. गच्च धरलं. जरा इकडं-तिकडं फिरवलं. मग सरळ वर ओढलं.

"आरं! आरं! डोकं हाय ते माझं!"

टोपी केरबाच्या हातात आली. तात्या तिथंच राहिले. गावानं तात्यांचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या सुनेनंसुद्धा. तात्यांनी टोपी हिसकावून घेतली आणि घातली. त्यानंतर केरबा जवळ आला की तात्या दोन्ही हातांनी टोपी धरून बसत.

इकडं टोपणं निघाली. चारही. वरून धरून, फिरवून, नीट. केरबानं प्लगपाना लावला आणि पुन्हा फोन केला. विचारून केलेलं बरं.

"मिस्त्री, काढू?"

"थांब!" बाबालाल घास गिळून म्हणाला. पंगत बसली होती. "काढायच्या आदी फुंकर मार. चांगली छाती भरून मार. प्लगभवतीची धूळ उडाली पायजे, न्हाईतर ती इंजिनात पडती. फुंकर मारल्याबिगर काय काढायचं न्हाई. कळलं?"

"कळलं."

केरबानं फुंकर मारली. धूळ उडाली. प्लग निघाला. सगळं बरोबर झालं. केरबालाही जरा चुकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "माझे हात तुपाचे हायेत. डब्यातनं तेवढं बेसन काढून दे."

केरबा आत गेला. डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला. आई चुलीपुढं, डब्याच्या अगदी समोर. केरबानं छाती भरून घेतली.

बेसन निघालं. आई जेजुरीहून आल्यासारखी दिसायला लागली. भुवयासुद्धा पिवळ्या. तिनं आधी पदरानं ओठ पुसले. बोलायला तोंड उघडलं तर आत बेसन गेलं असतं.

"भायेर जा," शेवटी ती म्हणाली. "गाडीचं सगळं एकदम उरकून टाक. मधी मधी आत येऊ नकोस."

एकदम उरकायचं होतं, म्हणून केरबानं उरलेले तीनही प्लग एकदम काढले. ओट्यावर ओळीनं ठेवले. काळे, काजळलेले. मग फोन केला.

"मिस्त्री, चारी काढले."

पलीकडं काहीतरी पडलं. बहुतेक द्रोण.

"चारी? आनि भोकं उघडी? आरं, त्यात कोंबडीनं दाणा टाकला, एखादा नट पडला, तर इंजिन गेलं! ऐक, केरबा, कान देऊन ऐक. जागा रिकामी ठेवायची न्हाई. एक काढलं की त्याच जागी लगीच दुसरं बसवायचं. जागा रिकामी र्‍हाता कामा नये. कधी म्हंजे कधी न्हाई!"

"कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई. आनि हातानं बसवायचं. दमानं. हाताला घट्ट लागलं, की वरनं फकस्त पाव फेरा. जास्ती आवळायचं न्हाई, आटे जातील. आनि गाडी चालवताना कुनाशी बोलू नको. इंजिन ऐकत र्‍हा. चौघं एका सुरात बोलत्यात का बघ. कळलं?"

"कळलं."

"आनि आता फोन करू नको. वरात निघालीय, तुझ्या फोनापायी मला नवऱ्याला कडेवर घ्यायचंय का नवरीला तेच समजंना झालंय."

केरबानं नवे प्लग बसवले. हातानं, दमानं, मग पाव फेरा. टोपणं लावली. वायरी लहानमोठ्या होत्या, ज्याची त्यालाच पुरत होती, म्हणून अदलाबदल झाली नाही. चावी फिरवली. जीप एकदम अशी गरजली की पारावर तात्यांनी टोपी धरली. मग ती एका सुरात बोलायला लागली. फट नाही, फुस नाही.

गोदाक्का बाहेर धावत आली. भुवया अजून पिवळ्याच होत्या. तिनं जीपवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

"झाली बरी! लुगडं बदलून येते. तवर तू फराळाचा डबा गाडीत ठेव."

केरबाला भूक लागली होती. डब्यात लाडू होते, कडेनं गोल मांडलेले. त्यानं एक लाडू काढला. तिथं जागा रिकामी दिसली. केरबानं ओट्यावरचा एक जुना प्लग उचलला, पुसला, आणि लाडवाच्या जागी बसवला. हातानं. मग पाव फेरा.

"मी बी येणार," आई म्हणाली. "तुला एकट्याला धाडलं तर तू सासूलाच घिऊन येशील."

गोदाक्का मागं बसली. जीपच्या मागं ताडपत्री होती आणि ताडपत्रीला पडदा. घाट लागला. केरबानं फोरव्हीलचा दांडा टाकला. जीप चढायला लागली.

"केरबा, दगड बघ रं."

केरबा गप्प.

"केरबा, बाजूला दरी हाय."

केरबानं ओठावर बोट ठेवलं. एक हात स्टिअरिंगवर, एक बोट ओठावर, आणि बाजूला दरी. गोदाक्कानं डोळे मिटून घेतले. तिनं जितकी देवांची नावं घेतली तितके देव त्या तालुक्यात नसतील. पण जीप कुठंही बसली नाही. सूर्य डोंगराच्या वर हातभर होता, तेव्हा ती म्हाळसाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

म्हाळसाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी जीप बघितली. मग सूर्य बघितला. सूर्यावर त्या जरा नाराज झाल्या.

"आलात म्हनायचं."

मालन आत चुलीपुढं चकल्या तळत होती. जीपचा आवाज ऐकला आणि झारा हातात घेऊनच बाहेर आली. आईला बघितलं. झाऱ्यातून तेल ठिबकत राहिलं.

म्हाळसाबाईंनी फराळाचा डबा उघडला. लाडू, लाडू, लाडू, प्लग.

"ह्ये काय, विहीणबाई?"

गोदाक्कानं केरबाकडं बघितलं.

"लाडू काढला व्हता," केरबा म्हणाला. "जागा रिकामी र्‍हायली असती."

गोदाक्का म्हणाली, "आमच्याकडं पद्धत हाय. काळं ठेवावं लागतं एक. नजर लागू नये म्हनून."

म्हाळसाबाईंनी प्लग कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"शब्द दिलाय, तर सून न्या," त्या परत येऊन म्हणाल्या. "भाऊबीज झाली की पोचती करा. पन माझं काय? ही गेली की चुलीपुढची जागा रिकामी. अजून निम्म्या चकल्या र्‍हायल्यात. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. रिकामी जागा बघून दिवाळी करायची का मी?"

केरबाचे कान उभे राहिले.

"असं का म्हंता?" गोदाक्का म्हणाली. विहिणीपुढं नरमाईनं घ्यावं लागतं. "मालन लुगडं बदलतीय तवर मी बसते की. हात चालवते जरा."

ती आत गेली आणि मालनच्या पाटावर बसली. केरबा मागोमाग गेला. त्यानं आईच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि दमानं दाबलं. हाताला घट्ट लागली. मग त्यानं पाट धरला आणि पाव फेरा फिरवला.

"बरं केलंस बाबा," आई म्हणाली. "धूर डोळ्यांत चालला व्हता."

केरबानं बघितलं. आई हलत नव्हती. जास्त आवळायचं कारण नव्हतं.

तो बाहेर आला. मालन नवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन उभी. त्यानं रिकामा झालेला फराळाचा डबा मागं टाकला, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली.

"दादा, आई?"

केरबानं ओठावर बोट ठेवलं. इंजिनातले चौघं एका सुरात बोलत होते.

मालनला वाटलं, आई मागं बसली असेल. आली तेव्हा मागूनच तर उतरली होती, पडद्याआडून. जीप घाट उतरायला लागली, आणि मालन इतके दिवस साठलेलं पडद्याकडं तोंड करून बोलायला लागली.

"आये, औंदा करंज्या मी करनार, सांगून ठेवते."

पडदा हलला. वाऱ्यानं.

"आये, सासूबाईंचं मनावर घिऊ नगं. तोंड फाटकं हाय, पन मला ताप आला तवा उशाशी बसून व्हत्या."

पडदा गप्प.

"आये, रागावलीस का? दोन वर्सं आले न्हाई म्हनून? मी काय मुद्दाम ऱ्हायले का?" मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला आपलं वाटलं की आई झोपली असेल. दमली असेल बिचारी. तिनं डोळे पुसले आणि हळू आवाजात केरबाला म्हणाली, "सावकाश घे. आई झोपलीय."

केरबानं मान डोलावली. चौघं छान बोलत होते.

घरी पोचले तेव्हा पणत्या लागत होत्या. दगडूतात्या पारावर होते. जीप दिसताच त्यांनी टोपी धरली. त्यांची सून भाकरतुकडा घेऊन पुढं आली. माहेरी आलेल्या लेकीवरून तो ओवाळून टाकायचा असतो. मालन हसत उतरली, मागं गेली आणि तिनं पडदा वर केला.

"आये, उठ. घर आलं."

आत फराळाचा रिकामा डबा होता.

"दादा, आई कुठं हाय?"

"तुझ्या जागी," केरबा म्हणाला.

"म्हंजे?"

"तुला तिथनं काढली न्हवं? मग तिथं दुसरं नगं बसवायला? जागा रिकामी ठेवायची नसती. आईला बसवली."

तात्यांच्या सुनेच्या हातातून भाकरतुकडा पडला.

"हातानंच बसवली," केरबा समजुतीनं म्हणाला. "मग पाव फेरा. जास्ती आवळली न्हाई."

मालननं फोन काढला. उंबरमाचीला रेंज नसते. तिनं वर बघितलं. लांब डोंगरावर एक दिवा लागला होता. तिथं गोदाक्का आता चकल्या तळत असणार. पाव फेरा वळून, धुराकडं पाठ करून, आणि म्हाळसाबाई शेजारी बसून सांगत असणार की कडबोळी पण करायची आहेत.

"दादा, फिरव गाडी! आत्ताच्या आत्ता! आईला घिऊन येऊ!"

केरबा वळला. जीपपाशी गेला. बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन मागं घेतला. मग चिंचेखाली जाऊन मांडी घालून बसला.

"आत्ता न्हाई," तो म्हणाला. "इंजिन गरम हाय."